टपावरचे पोपडे: क्लिअर कोट कधी घासायचा आणि कधी काढून टाकायचा

गाडीच्या रंगावरच्या भागाचं हे लेखी रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, किंवा गॅरेजमध्ये उभं राहून मोबाइलवर पटकन बघायचं असतं, त्यांच्यासाठी. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘काय आहे ना’ थोडे कमी केलेत.

सुरुवात सोलापूरच्या एका ताईंच्या मेसेजपासून. त्यांच्या वडिलांची ११ वर्षांची चंदेरी हॅचबॅक आहे. घरापुढे उघड्यावर उभी असते, वर छप्पर नाही. टपावर पांढरट नकाशे उमटलेत, कडा नखाने उचलल्या तर पापुद्रा निघतो. बॉनेट निस्तेज झालंय, त्यावर गोल गोल डाग आहेत. दारं तशी बरी, पण उन्हात बघितली तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसतात. त्यांनी तीन ठिकाणी विचारलं. पहिला म्हणाला, रबिंग-पॉलिश करून देतो, १८०० रुपये, नवी दिसेल. दुसऱ्याने सिरॅमिक कोटिंग सांगितलं, १८ हजार. तिसरा म्हणाला, फुल बॉडी पेंटशिवाय इलाज नाही, ४५ हजार. वडिलांचं म्हणणं असं, की गाडी अजून पाच वर्षं चालवायची आहे आणि २० हजारांच्या वर एक रुपया घालणार नाही. ताईंचा प्रश्न एका ओळीचा होता: यातला खरं कोण बोलतोय?

गंमत अशी, की तिघांतले दोघं गाडीच्या एकेका भागाबद्दल खरं बोलतायत. पहिल्याचं दारांना लागू आहे, तिसऱ्याचं टपाला. एकाच गाडीवर तीन वेगळे आजार आहेत आणि प्रत्येक जण आपल्याकडे असलेलं एकच औषध सगळ्या अंगाला लावायला निघालाय.

आता रंगाचे थर समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पत्र्यावर सगळ्यात खाली गंज अडवणारा थर असतो. अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने तो बसवतात. त्यावर प्रायमर. त्यावर बेस कोट, म्हणजे आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो. आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, ज्याला आपले पेंटर नुसतं ‘क्लिअर’ किंवा सवयीने ‘लॅकर’ म्हणतात. क्लिअरला रंग नसतो. चमक त्याचीच, ऊन-पाऊस झेलणं त्याचंच. बेस कोट एकटा असेल तर मॅट दिसतो आणि फार टिकत नाही.

जाडी किती? कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन, काही गाड्यांवर त्याहून कमी. त्यातला क्लिअर ३५ ते ५० मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस ढोबळमानाने ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे ज्या थरावर एवढी घासाघीस चालते तो केसापेक्षा पातळ. हे एकदा डोक्यात बसलं, की ‘दर सहा महिन्यांनी रबिंग करून घ्या’ हा सल्ला ऐकल्यावर पोटात गोळा यायला हवा. रबिंग म्हणजे क्लिअर खरवडणं. हलकं पॉलिश एक-दोन मायक्रॉन खातं, जाड कंपाउंड त्याहून जास्त, आणि वॉटर पेपर मारून वर कंपाउंड केलं तर पाच-दहा मायक्रॉन सहज जातात. गेलेला क्लिअर परत येत नाही. शिवाय त्यात अतिनील किरण शोषणारी द्रव्यं मिसळलेली असतात. थर पातळ झाला, की तेवढं संरक्षणही गेलं.

जुनी अँबेसेडर किंवा पद्मिनी ज्यांनी घासली आहे ते म्हणतील, आम्ही तर वर्षानुवर्षं कंपाउंड मारत होतो, काही झालं नाही. बरोबर आहे. त्या गाड्यांवर क्लिअर नव्हताच, रंग आणि चमक एकाच थरात होती. घासलं की फडक्याला गाडीचा रंग लागायचा आणि खालून ताजा रंग वर यायचा. आजही ही ओळख चालते. पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासा. फडक्याला गाडीचा रंग आला, तर एकतर तुमच्या गाडीवर क्लिअर नाही, किंवा त्या जागी उरलेला नाही. दुसऱ्या शक्यतेत हात तिथेच थांबवायचा.

तर निदान. यासाठी यंत्र लागत नाही, पाण्याची बाटली आणि बोटाचं नख पुरतं. ओरखड्यावर पाणी मारा. ओलं असताना ओरखडा दिसेनासा झाला, तर तो क्लिअरमध्येच आहे आणि पॉलिशने जाण्याजोगा आहे. पाण्यातही दिसतोय आणि आडवं फिरवलेलं नख त्यात अडकतंय, तर तो बहुधा बेस कोटपर्यंत किंवा त्याखाली गेलाय. असा ओरखडा पॉलिशने ‘काढायचा’ म्हणजे आजूबाजूचा सगळा क्लिअर ओरखड्याच्या तळाइतका खाली आणायचा. त्यापेक्षा टचअप परवडलं.

निस्तेज भागावरही तोच प्रयोग करा. पाणी मारल्यावर रंग गडद आणि चमकदार दिसला, आणि हाताला पृष्ठभाग अखंड लागला, तर क्लिअर वरवर करपलाय. पॉलिशने फरक पडेल. पण कडा दिसतेय, एका बाजूला चमक आणि दुसऱ्या बाजूला खडूसारखा कोरडा भाग, तर तिथे क्लिअरने बेस कोट सोडलाय. मराठीत भिंतीच्या रंगाला आपण पोपडे निघाले म्हणतो, अगदी तेच. पोपड्याला पॉलिश करता येत नाही. पॉलिश करायला तिथे काही उरलेलंच नाही, उलट मशीनचा पॅड कडेत अडकून पोपडा आणखी मोठा होतो.

पोपडे टपावर आणि बॉनेटवर आधी का? कारण हे भाग आडवे आहेत, दुपारचं ऊन त्यांच्यावर सरळ पडतं. दारावर ते तिरकं येतं. ऊन क्लिअरमधली संरक्षक द्रव्यं हळूहळू संपवतं, थर ठिसूळ होतो, डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा पडतात, त्यातून पाणी आत शिरतं आणि बेस कोटशी असलेली पकड सुटते. मात्र टप आणि बॉनेट ठणठणीत आहे आणि एकाच फेंडरवर किंवा एकाच दारावर पोपडे आलेत, तर तो भाग आधी कधीतरी रंगवलेला असण्याची शक्यता जास्त. क्लिअर पातळ मारला, खालचा थर सुकायच्या आत मारला, नाहीतर नीट घासल्याशिवाय मारला, तर दोन-तीन वर्षांत तो असा सुटतो. जुनी गाडी घेताना ही खूण लक्षात ठेवा. रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटरही मिळतं. त्यात २५०-३००च्या वर आकडा आला तर दुसरा रंग चढलाय, आणि ५००-१०००च्या घरात गेला तर खाली पुट्टी आहे. प्लॅस्टिकच्या बंपरवर हे मीटर चालत नाही. आणि ते सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, एकट्या क्लिअरची नाही. त्यामुळे आकडा १२० आला म्हणून घासायला मोकळं रान मिळालं असं होत नाही.

बॉनेटवरचे गोल डाग बहुतेक बोअरच्या पाण्याचे असतात. जड पाण्यातलं पाणी उडतं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. आधी मशीन काढू नका. पांढरा व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून, गाडी सावलीत आणि पत्रा गार असताना, फडकं ओलं करून एक-दोन मिनिटं डागावर ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. क्षार वर बसलेला असेल तर निघतो. डाग गेला पण जागी खळगा राहिला, तर क्षाराने क्लिअरला खाल्लंय, आणि मग हलकं पॉलिश. पक्ष्यांच्या विष्ठेचंही असंच, फक्त वेळ कमी असतो. तापलेल्या बॉनेटवर काही तासांत ठसा उमटतो. ओलं फडकं वर ठेवून ती मऊ करायची आणि उचलायची. सुक्या कापडाने घासली तर तिच्यातले कण क्लिअर ओरबाडतात.

दारांवरचं कोळ्याचं जाळं कुठून आलं? रोज सकाळच्या पुसण्यातून. सोसायटीत गाडी पुसणारा माणूस एका बादलीत आणि एका फडक्यात वीस-पंचवीस गाड्या उरकतो. पहिल्या गाडीची माती शेवटच्या गाडीवर फिरते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. महिन्याला जे काही शे रुपये आपण देतो त्यात तो आणखी काय करणार? त्याला आपल्या गाडीपुरतं वेगळं मायक्रोफायबर फडकं द्या आणि सांगा, दादा, रोज नका पुसू, आठवड्यातून दोनदा आधी पाणी मारून मग पुसा. सुकी धूळ झटकणं बंद झालं तरी निम्मं काम झालं. घरी स्वतःच पुसत असाल, तर हेच स्वतःला सांगा.

पॉलिशचं काम करून घेणार असाल तर दुकानात हे बघा. गाडी आधी नीट धुतली पाहिजे. रबराच्या पट्ट्या आणि बॉडीच्या धारदार कडांवर मास्किंग टेप लागली पाहिजे, कारण कडेवर क्लिअर सगळ्यात पातळ असतो आणि मशीन तिथेच आधी आरपार जातं. सुरुवात सगळ्यात सौम्य पॉलिशने, हातभर चौकोनात. त्याने भागलं तर जाड कंपाउंडची गरजच नाही. मशीन गोल गोल फिरणारं असण्यापेक्षा फिरता फिरता हलणारं, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन असलेलं बरं. ते कमी तापतं. अधूनमधून हाताची मागची बाजू पत्र्याला लावून बघा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

आणि एक तपासणी, जी दुकानदाराला फारशी आवडत नाही. काम झाल्यावर एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी मिसळून पुसायला सांगा आणि गाडी उन्हात घ्या. बऱ्याच पॉलिशमध्ये तेलं आणि भरणारी द्रव्यं असतात, ती चऱ्यांमध्ये बसतात आणि चरे झाकतात. तीन धुण्यांत ती निघून जातात आणि जाळं परत हजर. अल्कोहोलने पुसल्यावरही भाग स्वच्छ दिसला, तर चरे खरंच गेलेत.

सिरॅमिकबद्दल थोडक्यात. चांगल्या, अखंड क्लिअरवर ते उपयोगी आहे: पाणी घसरतं, धुणं सोपं होतं. पण तो फार तर एक-दोन मायक्रॉनचा थर. खालच्या क्लिअरची पकड सुटली असेल तर सिरॅमिक त्याच्यासकट निघणार. ११ वर्षं उन्हात उभ्या गाडीच्या पोपडे आलेल्या टपावर १८ हजारांचं सिरॅमिक सुचवणाऱ्याला मी दुसऱ्यांदा फोन करणार नाही. पारदर्शक फिल्म चिकटवायचा विचारही अशा भागावर करू नका. काढताना ती उरलासुरला क्लिअर घेऊन येते.

आता टपाकडे. इथे इलाज एकच: सुटलेला क्लिअर पूर्ण काढायचा, खाली घट्ट भागापर्यंत जायचं, बेस कोट आणि क्लिअर नव्याने मारायचा. ‘वरून फक्त क्लिअरचा हात मारतो’ असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. उघडा पडलेला बेस कोट उन्हात जळालेला असतो. त्यावर क्लिअर मारला तर जळका रंग काचेखाली ठेवल्यासारखा दिसेल, आणि आजूबाजूचा जुना क्लिअर पुढच्या वर्षी नव्याला घेऊन सुटेल.

क्रम असा. धुणं, तेलकटपणा काढणं. मग ४००च्या आसपासच्या पेपरने पोपडे काढायचे आणि कडेचा जिना घासून उतार करायचा. बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. मग ६००, ८००. कुठे पत्रा दिसला तर तिथे प्रायमर. मग बेस कोट. रंगाचा कोड गाडीवरच छापलेला असतो, दाराच्या चौकटीजवळ किंवा इंजिनाच्या खोलीतल्या पट्टीवर. चंदेरी रंग सगळ्यात चकवा देणारा. त्यातले धातूचे बारीक कण कसे आडवे बसतात ते गनच्या अंतरावर, हवेच्या दाबावर, पेंटरच्या हातावर ठरतं. एकाच डब्यातला रंग दोन हातांनी मारला तर दोन छटा दिसतात. म्हणून आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर मारून, सुकवून, गाडीशेजारी उन्हात धरून बघायला सांगा.

आणि क्लिअर पॅनेलच्या मध्ये थांबवायचा नाही. टपाच्या अर्ध्यात विरवलेला क्लिअर पहिल्या दिवशी छान दिसतो. वर्ष-दोन वर्षांत बरोबर त्या रेषेवर कडा उघडी पडते, कारण तिथे थर शून्याकडे गेलेला असतो. टपाच्या दोन्ही बाजूंना बऱ्याच गाड्यांवर काळी पट्टी असलेली खाच असते. ती देवाने दिलेली सीमारेषा समजा: पट्टी काढा आणि तिथपर्यंत पूर्ण टप मारा. क्लिअरचे दोन हात, मधे दहा-पंधरा मिनिटं थांबून.

क्लिअर कोणता? स्प्रेच्या साध्या डब्यात मिळतो तो एका घटकाचा, नुसता थिनर उडून सुकणारा. सोलापूरच्या उन्हात तो फार दिवस टिकणार नाही आणि पेट्रोल सांडलं तर विरघळेल. टिकतो तो दोन घटकांचा, हार्डनर मिसळून मारायचा, ज्याला पेंटर ‘टू-के’ म्हणतात. आणि इथे मला रंगापेक्षा महत्त्वाचं काही सांगायचंय.

त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. ते घट्ट जाळं विणतं म्हणून क्लिअर टिकतो. तेच फवाऱ्यातून फुप्फुसात गेलं तर दमा जडवू शकतं. ब्रिटनमध्ये कामामुळे होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत गाड्या रंगवताना लागणारे हे आयसोसायनेट धरले जातात. एकदा शरीराने त्याच्याशी वैर धरलं, की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही झटका येतो. त्या माणसाला तो धंदा सोडावा लागतो. घातक पातळीलाही त्याचा वास येईलच असं नाही, त्यामुळे ‘वास येत नाही म्हणजे ठीक’ हे इथे चालत नाही. जो वास येतो तो थिनरचा. आणि आपल्याकडे पेंटर काय बांधतो? नाकाला रुमाल. फार तर करोनातला उरलेला मास्क. रुमालाने वाफ अडत नाही, एन-९५नेही नाही. रोज मारणाऱ्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा. तो नसेल तर निदान सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज आणि पुढे कणांचा फिल्टर असलेला रबरी मास्क, हातमोजे, अंगभर कपडे, डोळ्यांना चष्मा. फवारा थांबला की लगेच मास्क वर करून ‘कसा आलाय बघू’ म्हणून वाकायची सवय असते. त्या क्षणी हवेत धुकं तसंच असतं. आणि चहा घेऊन शेजारी उभा राहणारा पोऱ्या, त्याला तर कोणी मोजतच नाही.

म्हणून घरी अंगणात टू-के मारू नका, अगदी डब्याच्या बुडाशी बटण असलेला तयार स्प्रे मिळत असला तरी. घासणं, कडेचा उतार, मास्किंग हे घरी करता येतं, फवारणी नाही. आणि ज्याच्याकडून करून घ्याल त्याच्याकडे मास्क आहे का, हे भाव विचारायच्या आधी विचारा. नसेल तर कार्ट्रिजवाला मास्क आपल्या पैशाने घेऊन द्या आणि बिलात धरा. गाडीच्या खर्चात तो कुठे दिसणारही नाही.

हंगामाचंही बघायला हवं. जुलैमध्ये उघड्या शेडमध्ये काम नको. हार्डनरची पाण्याशी प्रक्रिया होते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. हवेतली किंवा कंप्रेसरच्या नळीतली ओल क्लिअरमध्ये गेली, की सुईच्या टोकाएवढे बुडबुडे आणि छिद्रं दिसतात. गरम बूथ असेल तर पावसाळ्यातही होतं. नसेल तर दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम. काम सुरू करताना पेंटर कंप्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडून पाणी सोडतो का, एवढं बघा. सोडत असेल तर माणूस जाणता आहे.

तर ताईंना मी काय सांगितलं? टप आणि बॉनेट, दोनच पॅनेल घासून नव्याने, टू-केमध्ये. बॉनेटवर आधी व्हिनेगर आणि पॉलिशचा प्रयोग करा. डाग गेले आणि कडा कुठे सुटलेली नसेल तर तेही पॅनेल वाचलं. दारांना फक्त सौम्य पॉलिश, तेही एकदाच. सिरॅमिक नाही, फुल बॉडी नाही. फुल बॉडी म्हणजे दारांवरचा कंपनीचा चांगला रंग घासून त्यावर गल्लीतला रंग चढवणं, आणि त्यासाठी वर ४५ हजार. माझ्या माहितीतल्या दरांनी हे सगळं २० हजारांच्या बरंच आत बसतं. विम्याकडून काही मिळेल का, असंही त्यांनी विचारलं होतं. नाही. उन्हाने झालेली झीज त्यात धरत नाहीत. उरलेल्या पैशांत घरापुढे पत्र्याची किंवा हिरव्या जाळीची सावली करा. कापडी कव्हर वापरणार असाल तर धुळीच्या गाडीवर टाकू नका. वाऱ्याने हलणारं कव्हर म्हणजे दिवसभर चालणारा पॉलिश पेपर.

रंग झाल्यावर महिनाभर मेण किंवा कोटिंग लावू नका, आतला थिनर पूर्ण उडू द्या. पहिले आठ-दहा दिवस झाडाखालीही उभी करू नका.

शेवटी एका श्रोत्याचा प्रश्न: उरलेला क्लिअर आणि हार्डनर घरी ठेवू का? मिसळलेला तर काही तासांत गोठतोच. उघडलेला हार्डनरही ठेवू नका, हवेतल्या ओलीने तो बिघडतो आणि तो डबा घरात असूच नये. मागून घ्यायचा तर मिसळलेला बेस कोट, छोट्या काचेच्या बाटलीत, घट्ट झाकण लावून, वर रंगाचा कोड आणि तारीख लिहून. पुढच्या वेळी दाराच्या कडेचा टवका उडाला की काडीने लावायला तोच कामी येतो.